अळवावरचं पाणी आणि मातीतला साबण



टेबलावर अळूचं पान ठेवलंय. ते बघून पुढच्या रांगेतल्या एक आजी मघाशी मला म्हणाल्या, "आज भाषणानंतर वड्या आहेत का?" वड्या नाहीत. पण आजचं निम्मं भाषण या पानावर आहे, म्हणून ते मंडईतून मुद्दाम आणलं.

पानावर मी दोन थेंब टाकतोय. डावीकडे नुसतं नळाचं पाणी. उजवीकडे काल रात्री ज्यात दोन रिठे भिजवले ते पाणी. मागे बसलेल्यांना दिसणार नाही म्हणून सांगतो. डावा थेंब मोत्यासारखा गोल उभा आहे, पान जरा हललं की इकडून तिकडे पळतोय. उजवा बसलाय, पसरलाय, पानाला चिकटलाय. पाणी तेच, पान तेच. मग फरक कशाचा?

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते सर आम्हाला नववीत रसायनशास्त्र शिकवायचे. वाटीभर पाण्यावर ते टिपकागदाच्या तुकड्यावरून शिवणाची सुई अलगद तरंगती सोडायचे आणि मग कडेला साबणाची वडी नुसती टेकवायचे. सुई तळाला. "का बुडाली?" आमच्यातला एक म्हणाला, "सर, साबणानं पाणी पातळ झालं." सर म्हणाले, "पातळ नाही रे, सैल झालं." पुढे चाळीस वर्षं मी पृष्ठताण हा शब्द शिकवला, पण मनात मात्र सरांचाच शब्द राहिला. आजही तोच वापरणार आहे.

पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. आत असलेल्या कणाला चहूबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या कणाला वर कोणी नसतं, म्हणून तो बाजूच्यांना आणि खालच्यांना अधिक ओढून धरतो. त्यातून पाण्यावर एक ताणलेली कातडी असल्यासारखं होतं. हा ताण मोजता येतो. शुद्ध पाण्याचा, आपल्या खोलीच्या तापमानाला, मीटरला साधारण ७२ मिलिन्यूटन. आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हा ताण नीट मोजायची युक्ती कोणाला सुचली, माहीत आहे? जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये आग्नेस पॉकेल्स नावाची मुलगी होती. त्या काळात मुलींना विद्यापीठाची दारं बंद. घरी आजारी आईवडील, स्वयंपाक, भांडी. भांडी घासताना तेलकट पाणी आणि स्वच्छ पाणी वेगळं वागतं, हे तिच्या नजरेत आलं. पत्र्याचं पसरट भांडं, पाण्याला टेकवलेली एक छोटी चकती आणि ती ओढायला लागणारं वजन तोलणारा तराजू, एवढ्या सामानावर तिने ताण मोजला. १८९१ मध्ये तिने लॉर्ड रेले यांना पत्र लिहिलं, त्यांनी ते 'नेचर'कडे पाठवलं आणि त्याच वर्षी ते छापून आलं. मोरीत जन्मलेलं विज्ञान म्हणून आमच्या विषयाला कोणी हसलं, तर मला मुळीच राग येत नाही.

आता रिठ्याकडे येऊ. रिठा, शिकेकाई यांत सॅपोनिन असतं. त्याच्या रेणूची एक बाजू पाण्याशी सोयरीक करणारी, दुसरी पाण्याला टाळून तेलाशी लगट करणारी. असा रेणू पाण्यात सोडला की तो पृष्ठभागाकडेच धाव घेतो. अर्धं अंग पाण्यात, अर्धं बाहेर. पाण्याच्या कणांची एकमेकांवरची पकड त्यामुळे ढिली होते. पैठणी धुवायला आपल्या आज्या रिठा का काढायच्या, ते यातच आलं. वनस्पती साबण करतात हे आपल्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. जीवाणूही साबण करतात, आणि तेही आपल्या बांधावरच्या मातीतले, झाडाच्या मुळाशी, पानावर राहणारे, हे मात्र फारसं कोणाच्या कानावर नसतं. आजचा विषय तो.

१९६८ साल. जपानमध्ये केई अरिमा आणि त्यांचे सहकारी रक्ताची गुठळी होऊ न देणारं काही सापडतं का ते बघत होते. हाती आला बॅसिलस सबटिलिसने तयार केलेला एक पदार्थ. हा जीवाणू तुमच्याआमच्या ओळखीचा. वाळलेल्या गवतात, मातीत, शेणात सगळीकडे असतो. जपानी लोक सोयाबीन आंबवून जो चिकट तारांचा नाट्टो खातात, तो याच्याच एका वाणाने होतो. तर या पदार्थाने गुठळी रोखलीच, शिवाय पाण्याचा ताण ७२ वरून २७ च्या घरात आणून ठेवला. त्याचं नाव ठेवलं सर्फॅक्टिन.

आणि किती टाकल्यावर? लिटरभर पाण्यात पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास. शांपूत, टूथपेस्टमध्ये जे सोडियम लॉरिल सल्फेट असतं, त्याला आपलं जास्तीत जास्त काम दाखवायला लिटरमागे दोन ग्रॅमहून अधिक लागतं, आणि तेव्हाही ते २७ पर्यंत पोचत नाही. सात अमिनो आम्लांचं एक कडं आणि त्याला जोडलेली स्निग्धाम्लाची शेपटी, एवढाच हा रेणू. पण तो घडवण्याची तऱ्हा और आहे. पेशीत प्रथिनं जिथे बनतात त्या नेहमीच्या कारखान्यात हा बनत नाही. त्यासाठी वेगळी, अगडबंब एंझाइमं असतात. एकेक टप्प्यावर एकेक अमिनो आम्ल जोडत माल पुढे सरकतो आणि शेवटी कडं मिटून बाहेर पडतो.

इथे एक गंमत सांगतो. जगभरच्या प्रयोगशाळांत बॅसिलस सबटिलिसचा '१६८' नावाचा वाण वापरतात. त्याचा संपूर्ण जीनोम १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, हजारो शोधनिबंध त्याच्यावर निघाले. हा वाण सर्फॅक्टिन करतच नाही! कृती सगळी त्याच्या जनुकांत लिहिलेली आहे, पण यंत्राला किल्ली देणारं एक छोटं जनुक बिघडलंय. पिढ्यान्पिढ्या आयतं खायला, अगारच्या गुबगुबीत, पोषक जेलीवर राहायला मिळालं; कला गेली तरी अडलं नाही. तेव्हा विद्यार्थ्यांनो, पुस्तकातला जीवाणू आणि बांधावरचा जीवाणू एकच समजू नका. मी स्वतः बरीच वर्षं समजत होतो.

आता खरा प्रश्न. जीवाणूला साबण कशाला हवा? त्याला कपडे धुवायचे नाहीत, भांडी घासायची नाहीत.

जरा त्याच्या मापाने विचार करा. एका मिलिमीटरच्या साधारण पाचशेव्या भागाएवढा त्याचा देह. मातीच्या कणाभोवती पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो, त्यात तो राहतो. आपल्याला पाऊस म्हणजे ओलं होणं. त्याच्यासाठी पाण्याची कातडी म्हणजे डोक्यावरचं छत आणि पायातली बेडीसुद्धा. बाहेर निघायचं तर ती भेदायला हवी, पसरायचं तर ती सैल करायला हवी.

पहिल्या पावसाचा मातीचा वास आपल्या सगळ्यांच्या आवडीचा. त्यातला मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा आणि ते करणाऱ्यांत मुख्य म्हणजे स्ट्रेप्टोमायसीस हे जीवाणू. माणसाचं नाक या वासाला इतकं तिखट की अब्जावधी भागांत काही कण असले तरी कळतं. हे स्ट्रेप्टोमायसीस बुरशीसारखे धाग्याधाग्यांनी वाढतात. बीजाणू धरायची वेळ आली की धागे ओलाव्यातून हवेत उभे करावे लागतात. आता हे धागे पाण्याची कातडी फोडून वर कसे येणार? त्यासाठी ते सॅप-बी नावाचं एक छोटं प्रथिनासारखं द्रव्य सोडतात. ते पृष्ठभागाशी जाऊन पाणी सैल करतं आणि धागे वर निघतात. ज्या वाणाला हे द्रव्य करता येत नाही त्याची वसाहत बशीत गुळगुळीत दिसते, तिच्यावर लव उठत नाही. आम्ही त्यांना टकले म्हणतो. बाहेरून सॅप-बी लावलं की टकल्यांना केस फुटतात. एवढं सोपं औषध आमच्या बाबतीत निघालेलं नाही, हे समोरच्या काही डोक्यांकडे बघून नमूद करतो.

बॅसिलसचा डाव निराळा. ओलसर अगारवर एका टोकाला त्याला ठेवलं आणि रात्र गेली की सकाळी साऱ्या बशीभर तो पसरलेला असतो. त्याच्या आघाडीच्या पुढे काठाशी एक चमकदार ओली पट्टी दिसते. ते सर्फॅक्टिन. फौजेच्या आधी रस्ता ओला करणारा भिस्ती. आणि हे सगळं एकट्यादुकट्याचं काम नव्हे. आजूबाजूला आपल्यासारखे पुरेसे जमलेत का, याची चाचपणी हे जीवाणू एकमेकांत सोडलेल्या रासायनिक निरोपांवरून करतात आणि गर्दी झाली की मगच साबण करायला घेतात. स्यूडोमोनास नावाच्या दुसऱ्या जीवाणूचं तर त्याहून बारीक हिशेबाचं. वाढायला लागणारं नत्र संपत आलं आणि कार्बन मात्र शिलकीत आहे, अशा वेळी तो त्या शिलकीतून रॅम्नोलिपिड नावाचा साबण करतो. घरची चूल पेटली की मग लोकांना जेवायला बोलवायचं.

पानावरचा एक मासला सांगून पुढे जातो. स्यूडोमोनास सिरिंजी पानावर राहतो, आणि पानावर मेण असतं. या अळूसारखं नसेल, पण असतंच. उन्हात ओलावा क्षणात उडतो. हा जीवाणू सिरिंगाफॅक्टिन नावाचं द्रव्य पानावर सोडतो. ते पाणी पसरवतं आणि त्यापलीकडे हवेतली वाफ ओढून धरतं. म्हणजे कोरड्या दुपारी आपल्यापुरती ओल सांभाळायची सोय. पिकाला रोग आणणारा हा जीव आहे, तरी त्याच्या या तरतुदीचं कौतुक वाटतं. शत्रूचं असलं म्हणून काय झालं?

आता सभागृहातल्या बागाईतदारांनी जरा पुढे सरकून बसावं.

द्राक्षावरची डावणी. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की नाशिक, सांगलीकडे झोप उडते. नागपुरी संत्र्याचा डिंक्या. आल्याची कंदकूज. पिकं वेगळी, जिल्हे वेगळे, पण या तिन्ही रोगांचे कर्ते एकाच जातकुळीचे. बुरशीसारखे दिसणारे, पण खऱ्या बुरशीचे फक्त दूरचे नातलग. यांचे बीजाणू पाण्यात पोहतात. दोन शेपट्या हलवत पानावरच्या ओलीतून, मातीतल्या पाण्यातून ते यजमान शोधत जातात. डावणीचे बीजाणू पानाच्या खालच्या बाजूला पोहून रंध्रांतून आत शिरतात. या पोहणाऱ्यांचं एक मर्म आहे. पोहत असेपर्यंत त्यांच्या अंगावर पेशीभित्तिका नसते. नुसतं पातळ आवरण, उघड्या अंगाने नदीत उतरलेला माणूसच जणू.

अमेरिकेत मायकल स्टँगेलिनी आणि रैना मिलर यांनी हे मर्म हेरलं. मातीविना, पाण्यावर वाढवलेल्या भाज्यांत असेच पोहणारे बीजाणू मूळकूज पसरवत. त्यात रॅम्नोलिपिड घातलं. लिटरमागे काही मिलिग्रॅम. बीजाणू थांबले आणि फुटले. किती वेळात? एका मिनिटाच्या आत. सूक्ष्मदर्शकाखाली हे एकदा बघितलेला माणूस ते विसरत नाही. पोहणारा गोळा अडखळतो, फुगतो आणि नाहीसा होतो. विष पोटात जाऊन कसलीशी क्रिया बंद पाडतंय असं इथे नाही. आवरणात साबण घुसतो आणि आवरणच टिकत नाही. २००४ मध्ये रॅम्नोलिपिड अमेरिकेत जैविक बुरशीनाशक म्हणून नोंदलं गेलं.

पण अंगावर भित्तिका चढवून बसलेला बीजाणू किंवा पानाच्या आत गेलेला धागा यांना हा मारा तसा लागत नाही. रोग दिसल्यावर धावणाऱ्याला याचा उपयोग थोडा. तुमच्यापैकी बरेच जण फवारणीत 'स्टिकर' टाकतात. तोही पाणी सैल करणाराच पदार्थ. औषध पानावर पसरावं म्हणून आपण टाकतो. पण पानावर ओल पसरणं डावणीच्याही सोयीचं असतं, हे ध्यानात ठेवून मात्रा ठरवा. बाटलीच्या झाकणाने मोजायचं आणि वर 'अजून थोडं' म्हणायचं, ही पद्धत सोडा.

मुळांशी राहणारा बॅसिलस आणखी एक काम करतो. त्याच्या सर्फॅक्टिनची चाहूल लागली की झाडच सावध होतं आणि स्वतःची संरक्षणव्यवस्था आधीच जागी करतं. घेवडा आणि टोमॅटोवर हे दाखवून झालंय. बॅसिलसच्या ज्या बाटल्या जगभर खपतात, त्यांतला एक नावाजलेला वाण कॅलिफोर्नियातल्या पीचच्या बागेतल्या मातीतून घेतलेला आहे. त्याच्या गुणांमागे सर्फॅक्टिन, इट्युरिन आणि फेंगायसिन या तीन घराण्यांची द्रव्यं आहेत.

इथपर्यंत ऐकून आपल्याला वाटलं असेल, की वा, नैसर्गिक आहे, म्हणजे उत्तम. त्यावर माझा आक्षेप आहे आणि तो मी जोरात नोंदवणार आहे.

असे जीवाणू शोधायची आमची एक जुनी रीत सांगतो. अगारमध्ये रक्त मिसळून लाल बशी करायची, तिच्यावर मातीतले जीवाणू पेरायचे. ज्या ठिपक्याभोवती लाल रंग जाऊन स्वच्छ वलय पडतं, तो ठिपका उचलायचा. वलय का पडतं? रक्तपेशी फुटल्या म्हणून! ज्या गुणाने डावणीचा बीजाणू फुटतो, त्याच गुणाने आपली रक्तपेशी फुटते. सर्फॅक्टिन इंजेक्शनचं औषध होऊ शकलं नाही त्याचं मोठं कारण हेच. आणि रॅम्नोलिपिडचा मूळ कर्ता कोण? स्यूडोमोनास एरुजिनोसा. भाजलेल्या जखमेत हिरवट पू आणणारा, अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांच्या डोक्याला ताप देणारा. तिथे तो हाच साबण आपल्या पांढऱ्या पेशींवर सोडतो. म्हणून कारखान्यात हल्ली त्याच्याऐवजी स्यूडोमोनास पुटिडा या निरुपद्रवी भावाला ती जनुकं देऊन माल काढतात. शेतात, पाण्यात, भांड्यांच्या साबणात ही द्रव्यं खुशाल वापरावीत, कारण मात्रा थोडी लागते आणि मातीतले जीवाणूच ती खाऊन संपवतात. निव्वळ 'नैसर्गिक' या शिक्क्यावर मात्र काही घेऊ नये. धोतराही नैसर्गिकच आहे.

मग आपल्या मोऱ्यांत हे अजून का आलं नाही? महाग पडतं म्हणून. आणि महाग का पडतं, हे मी एका रात्री डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या प्रयोगशाळेत बॅसिलस वाढवायचं छोटं फर्मेंटर होतं. जीवाणूला हवा लागते, म्हणून खालून हवा सोडायची. आता साबणाच्या पाण्यात हवा फुंकली तर काय होणार? रात्री दोनला पहारेकऱ्याचा फोन आला. "सर, तुमच्या मशीनला फेफरं आलंय. तोंडातून फेस येतोय." जाऊन बघतो तर हवा बाहेर पडायच्या नळीतून फेस निघून गाळणी भिजलेली, टेबलावरून तो जमिनीवर उतरलेला आणि दाराकडे निघालेला. फेस मारायचं तेल घालावं, तर पुढे तेच तेल मालातून काढताना नाकी नऊ येतात. आठवडाभर मी चिडचिड केली. मग लक्षात आलं की निम्म्याहून अधिक माल त्या फेसातच असतो. फेस वाट देऊन वेगळा जमवायचा आणि त्यातूनच द्रव्य काढायचं. ही युक्ती बाहेर माहीत होती, आम्ही वाचलीही होती. पण जमीन पुसेपर्यंत ती कळली नव्हती.

परिस्थिती आता हलते आहे. चिलीमध्ये २०१९ मध्ये भांडी घासायच्या एका द्रवसाबणात रॅम्नोलिपिड आलं. स्लोव्हाकियात त्याचा मोठा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. तिथे साखरेवर जीवाणू वाढवतात. साखर हा शब्द ऐकून कोल्हापूरकरांनी कान टवकारले असतील, तर त्यांचं चुकलेलं नाही. मळीवरही हे काम होतं, प्रयोगशाळांत करूनही झालंय.

आणि फेसाचाच विषय निघालाय तर आळंदी टाळून कसं चालेल? गेल्या काही वर्षांत इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत बघितले. वारकऱ्यांनी तर त्यात उभं राहून स्नान केलं. मैलापाणी आणि कारखान्यांचं सांडपाणी न शुद्ध करता नदीत सोडलं की त्यातल्या साबणांचं हे असं होतं. १९५० च्या दशकात युरोपातल्या नद्याही अशाच फेसाळल्या होत्या. त्या वेळच्या धुण्याच्या पावडरीतल्या रेणूच्या साखळीला फांद्या होत्या आणि त्या फांद्या जीवाणूंना नीट खाता येत नव्हत्या. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, उद्योगांनी सरळ साखळीचे रेणू आणले, फेस ओसरला. आपली आजची पावडर सरळ साखळीचीच आहे. जीवाणू ती खातात. पण त्यांना त्यासाठी वेळ आणि प्राणवायू लागतो, आणि तो सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मिळतो, नदीत नाही. जीवाणूंचा साबण बाजारात आला म्हणून न शुद्ध केलेलं सांडपाणी सोडायला कोणाला मुभा मिळणार नाही. केंद्रं बांधावी लागतील, बांधलेली चालवावी लागतील. याला रसायनशास्त्रात पर्याय नाही.

माझी वेळ झाल्याची चिठ्ठी आली आहे. शेतकरी मित्रांना एकच विनंती. कृषी सेवा केंद्रात बॅसिलस किंवा स्यूडोमोनासची बाटली घेताना लेबल वाचा. जीवाणूचं आणि वाणाचं नाव, ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे जिवंत पेशी किती, नोंदणी क्रमांक, शेवटची तारीख. यातलं एकही नसेल तर बाटली परत फळीवर ठेवा, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी. आणि घेतलीत, तर ताम्रयुक्त औषधाच्या टाकीत ती मिसळू नका. पैसे देऊन आणलेले जीव आपल्याच हाताने मारायचे कशाला?

पान इथेच ठेवतोय, जाताना बघून जा. डावा थेंब मी आता पान तिरकं करून सोडला. गेला, मागे ओलीचा मागमूस नाही. उजवा जागच्या जागी वाळतोय. आणि आजी, वड्यांसाठी हे पान नेऊ नका बरं, त्याला रिठा लागलाय.